अंथरूण आणि अंतराळ : भारहीनता व सूक्ष्म रक्ताभिसरण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी वैद्यकीय, परंतु सर्वांना समजेल असा एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी ‘भारहीन अवस्थेतील रक्ताभिसरण’ हा विषय कळविला. त्यावर एका तरुण सहकाऱ्याने विचारले, “सर, धार-देवासच्या माणसांना अंतराळाचे काय?” प्रश्न रास्त होता. धारचा माणूस आकाशाविषयी बोलू लागला की ऐकणाऱ्याला राजा भोजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथातील यंत्रांचा अध्याय आणि त्यात वर्णिलेले लाकडी पक्ष्याच्या आकाराचे विमान आठवते. माझा विषय मात्र विमानाचा नाही, खाटेचा आहे. अंतराळात माणसाच्या शरीराचे काय होते हे शास्त्रज्ञांना पृथ्वीवरच अभ्यासावयाचे असते, तेव्हा ते धडधाकट माणसाला आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवतात. म्हणजेच जी अवस्था ते मुद्दाम निर्माण करतात, ती आपल्या गावात घरोघरी, नकळत, रुग्णसेवेच्या नावाखाली निर्माण होत असते. त्या प्रयोगांतून जे हाती आले आहे ते आपल्या कामाचे आहे, अशी माझी खात्री झाली आहे. ती का झाली हे लेखाच्या उत्तरार्धात सांगेन.

मराठीत गंभीर आजाराला ‘अंथरूण धरले’ असे म्हणतात. आजारी माणसाने अंथरूण धरावे आणि बरे वाटेपर्यंत सोडू नये, ही समजूत इतकी जुनी आहे की ती समजूत आहे हेच आपण विसरतो. विश्रांती ही निरुपद्रवी असते, फार तर तिचा उपयोग होणार नाही, पण अपाय तर नाही ना, असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे.

देवासची एक खाट

या संदर्भात देवासकरांना प्रथम आठवतात ते पंडित कुमार गंधर्व. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र कोमकळी मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकले आणि ऐन तारुण्यात त्यांना फुप्फुसाच्या क्षयाने गाठले. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत ते देवासला आले. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्यांनी मुख्यतः अंथरुणावर काढली. गाण्यास, बोलण्यासही मनाई होती. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. याच काळात रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांची माळवी लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली व त्यांतून पुढे काय निर्माण झाले हे मी सांगावयास नको. स्ट्रेप्टोमायसिनचा उपचार मिळाला, प्रकृती सुधारली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एका फुप्फुसाचे कार्य जवळजवळ संपलेले होते. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासमध्येच त्यांचे निधन झाले.

त्या काळच्या डॉक्टरांनी त्यांना निजवून ठेवले यात त्यांची काहीच चूक नव्हती. क्षयावर तेव्हा दुसरा खात्रीचा उपाय नव्हता. १९४८ या त्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ रुग्णांवरील स्ट्रेप्टोमायसिनचा विख्यात प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका गटाला स्ट्रेप्टोमायसिन व विश्रांती, तर तुलनेच्या गटाला केवळ विश्रांती दिलेली होती. म्हणजे अंथरूण हेच त्या काळचे मान्य औषध होते. पुढे आपल्याच देशात या औषधाची परीक्षा झाली. १९५६ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षय संशोधन केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात विश्रांती, सकस आहार व मोकळी हवा देऊन, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे एक वर्षभर दिली. घरच्या रुग्णांना आहार कमी आणि हालचाल अधिक होती. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी होती. औषध नियमित घेतले तर निजून राहण्याने विशेष काही साधत नाही, हे सिद्ध झाले आणि जगभरातील आरोग्यधामे हळूहळू ओस पडली.

निजण्याचा फायदा नाही, एवढे मद्रासच्या प्रयोगाने सांगितले. निजण्याचा तोटा किती व तो शरीरात नेमका कोठे होतो, याचे उत्तर मिळण्यास मात्र अंतराळयुगाची वाट पाहावी लागली.

सर्वांत लहान वाहिन्यांचे जग

हृदय व मोठ्या धमन्या यांच्याविषयी आता सामान्य वाचकही बरेच काही जाणतो. परंतु रक्ताने आपले खरे काम करावयाचे ते धमनिका, केशवाहिन्या आणि शिरिका यांच्या जाळ्यात. प्राणवायू व साखर पेशीला देणे, टाकाऊ द्रव्ये परत घेणे, हे सर्व केशवाहिनीच्या पातळ भिंतीतून होते. केशवाहिनीचा व्यास साधारण पाच ते दहा मायक्रॉन, तर तांबड्या पेशीचा सात-आठ मायक्रॉन. म्हणजे अनेक ठिकाणी तांबड्या पेशीला अक्षरशः अंग चोरून पुढे जावे लागते. कोणत्या गल्लीत किती रक्त सोडावयाचे हे तिच्या तोंडाशी असलेली धमनिका ठरवते. शेताच्या पाटांना दारे असतात, कोणत्या वाफ्याला पाणी द्यावयाचे त्याप्रमाणे माळी दार उघडतो अथवा बुजवतो. धमनिकांचे काम तसेच आहे.

या सर्व वाहिन्यांना आतून पेशींचा एकेरी थर असतो. त्यास अंतःस्तर किंवा एंडोथेलियम म्हणतात. १९८० मध्ये फर्चगॉट व झावाडस्की यांनी दाखवून दिले की ॲसिटिलकोलीनने धमनी सैल होते ती या थरामुळेच. थर खरवडून काढला तर ती सैल होत नाही. थरातून निघणारा हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, हे पुढे कळले. या शोधमालिकेबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. महत्त्वाची गोष्ट अशी की, हा थर वाहत्या रक्ताच्या घर्षणावर तगून असतो. रक्त वेगाने वाहिले की तो नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करतो. प्रवाह मंदावला की त्याचे काम मंदावते. न वापरलेली मांसपेशी जशी रोडावते, तशीच ही न वापरलेली क्षमताही उणावते.

गुरुत्वाकर्षण नावाचा जुना सोबती

माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासून त्याच्या रक्ताला गुरुत्वाकर्षणाशी व्यवहार करावा लागतो. हृदयापाशी धमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास धरला, तर उभ्या माणसाच्या पावलात तो १८० ते २०० पर्यंत जातो आणि डोक्यात ७० च्या आसपास उतरतो. आपण निजलेले असताना उठून उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून खाली पाय व ओटीपोटाकडे उतरते. असे असूनही प्रत्येक वेळी आपल्याला भोवळ येत नाही व संध्याकाळपर्यंत पाय हत्तीसारखे होत नाहीत. याचे श्रेय लहान वाहिन्यांचे आहे. पाय खाली सोडताच पायांतील धमनिका आकसतात व केशवाहिन्यांवर येणारा जादा दाब अडवतात. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक शिरांतील रक्त वर ढकलतात. पायांतील केशवाहिन्यांचे आवरण डोक्याकडील भागांतल्यापेक्षा जाडही असते. दिवसातून शंभरदा बसणे, उठणे, वाकणे, चालणे हा त्या वाहिन्यांचा अखंड व्यायाम होय. आपल्या हे ध्यानीही येत नाही.

अंतराळात हा व्यायाम एकाएकी थांबतो. वर-खाली असा भेदच राहत नाही. डोके, छाती व पाय यांतील दाब जवळपास सारखा होतो. रक्त व पेशींबाहेरील द्रव वरच्या अंगाकडे सरकतात. म्हणून अंतराळवीरांचे चेहरे सुजलेले आणि पाय काटकुळे दिसतात. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सोयूझ टी-११ मधून सॅल्यूत-७ वर सुमारे आठ दिवस राहून आले. शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुमारे अठरा दिवस राहून आले. परतलेल्या प्रत्येकाला पृथ्वीवर उभे राहण्याची सवय पुन्हा करावी लागते.

पृथ्वीवरची भारहीनता

अंतराळात जाणारी माणसे थोडी व तेथे करता येणाऱ्या तपासण्या त्याहून थोड्या. म्हणून भूमीवरच भारहीनतेची नक्कल करण्याचे दोन मार्ग रूढ झाले.

पहिला मार्ग तिरप्या खाटेचा. परतलेल्या सोव्हिएत अंतराळवीरांना सपाट खाटेवर झोपताना आपण पायांकडे घसरत आहोत असा भास होई, म्हणून त्यांच्या खाटेची पायांकडील बाजू थोडी उचलून दिली गेली. त्यातून कल्पना निघाली की निरोगी माणसाला डोके किंचित खाली ठेवून निजवले तर अंतराळातील अवस्था साधेल. सहा अंशांचा उतार हा आता जगभर मान्य झालेला आहे. स्वयंसेवकाने त्याच स्थितीत जेवावयाचे, आंघोळ उरकावयाची आणि सर्व विधीही खाटेवरच करावयाचे. मॉस्को येथील जैववैद्यकीय प्रश्न संस्थेत १९८६-८७ मध्ये असा एक प्रयोग तब्बल ३७० दिवस चालला. फ्रान्समधील तुलूझ व जर्मनीतील कोलोन येथेही असे प्रयोग नियमित होत आले आहेत.

दुसरा मार्ग कोरड्या निमज्जनाचा. १९७४ मध्ये मॉस्कोतील शुल्झेंको व विल्-विल्याम्स यांनी तो मांडला. सुमारे ३३ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याच्या हौदावर मोठे, सैल, जलरोधक कापड पसरतात आणि माणसाला त्या कापडासकट पाण्यात मानेपर्यंत तरंगत ठेवतात. अंग कोरडे राहते, परंतु कोठेही टेका मिळत नाही. या पद्धतीत बदल खाटेपेक्षाही लवकर दिसतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही नक्कल आहे, प्रत्यक्ष भारहीनता नव्हे. निजलेल्या माणसावरही गुरुत्वाकर्षण असतेच, ते छातीकडून पाठीकडे कार्य करते. परंतु डोक्यापासून पायापर्यंतचा जो लांबलचक रक्तस्तंभ आहे त्यावरचा भार नाहीसा होतो, हालचाल थांबते आणि रक्त वरच्या अंगाकडे सरकते. या तीन बाबतींत दोन्ही अवस्थांचे साम्य पुष्कळ आहे.

प्रयोगांत काय आढळले?

प्रथम डोक्याकडे पाहू. स्कॉट पॅराझिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना सहा अंशांच्या उतारावर आठ तास निजवून त्यांच्या ओठांतील केशवाहिन्यांचा दाब अतिसूक्ष्म नळीने प्रत्यक्ष मोजला. तो पाऱ्याच्या सुमारे २८ मिलिमीटरवरून ३४ पर्यंत वाढला. दाब वाढला की द्रव बाहेर झिरपतो आणि चेहरा सुजतो. केवळ आठ तासांत हा फरक पडला! पुढे हेच पॅराझिन्स्की स्वतः अंतराळवीर झाले.

छातीकडे आलेले जादा रक्त पाहून शरीराचा समज होतो की एकूण रक्तच जास्त झाले आहे. मूत्रावाटे पाणी बाहेर टाकले जाते आणि थोड्याच दिवसांत रक्तद्रवाचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते. निजलेल्याला हे जाणवत नाही. पण तो उभा राहू लागला की पायांकडे उतरणारे रक्त भरून काढावयास पुरेसा साठा नसतो आणि इतके दिवस आकसण्याची गरज न पडलेल्या धमनिकाही आळसावलेल्या असतात. आजारातून उठलेल्या माणसास येणारी भोवळ आपण ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देतो. तिच्या मुळाशी बऱ्याच वेळा हे असते.

आता अंतःस्तराकडे वळू. २००५ मध्ये तुलूझ येथे २४ स्त्रियांना साठ दिवस तिरप्या खाटेवर ठेवण्यात आले. त्यांपैकी १६ जणींच्या सूक्ष्म रक्ताभिसरणाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत सोपी आहे. त्वचेवर ॲसिटिलकोलीन ठेवून अगदी सौम्य विद्युत्प्रवाहाने ते आत सरकवतात आणि लेसर किरणांच्या साहाय्याने तेथील रक्तप्रवाह किती वाढला ते मोजतात. अंतःस्तर सुस्थितीत असेल तर प्रवाह चांगला वाढतो. ज्या आठ जणी नुसत्याच निजून होत्या, त्यांच्यात ५६ व्या दिवशी हा प्रतिसाद घटलेला आढळला आणि भिंतीपासून सुटून रक्तात आलेल्या अंतःस्तर-पेशींची संख्या वाढलेली होती. म्हणजे आतला गिलावा सुटू लागला होता. ज्या आठ जणींना निजल्यानिजल्याच पायांचा व्यायाम व ठराविक वेळी खालच्या अंगास ऋण दाब देऊन धावण्याचा व्यायाम दिला, त्यांच्यात ही हानी टळली.

साठ दिवस फार झाले असे कोणी म्हणेल. त्यासाठी आणखी दोन प्रयोग पाहावेत. मॉस्को येथे आठ निरोगी पुरुषांना कोरड्या निमज्जनात केवळ सात दिवस ठेवले; त्यांच्यातही ॲसिटिलकोलीनला मिळणारा प्रतिसाद घटला आणि अंतःस्तराच्या पेशींचे सूक्ष्म कण रक्तात वाढले. हा अभ्यास २०१० चा. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वीस निरोगी स्वयंसेवकांना साध्या खाटेवर अवघे पाच दिवस निजवले. हात व पोटरी यांचा रक्तपुरवठा काही मिनिटे अडवून मोकळा केला असता जो प्रवाहाचा लोंढा येतो, तो या पाच दिवसांनंतर कमी झाला. रक्तदाब व मेदद्रव्ये वाढली. ग्लुकोज दिल्यावर शरीराला पूर्वीपेक्षा ६७ टक्के अधिक इन्सुलिन सोडावे लागले. इन्सुलिन व साखर स्नायूपर्यंत पोचवणाऱ्या गल्ल्याच बंद होऊ लागल्या तर साखर रक्तात साचणार, हे उघड आहे. ज्या समाजात घराआड घर मधुमेह आहे, त्या आपल्या समाजाने हे पाच दिवस ध्यानात ठेवावेत.

सर्व निष्कर्ष एका दिशेचे आहेत असेही नाही. मांडीच्या मोठ्या धमनीचा व्यास निजण्याने कमी होतो, परंतु तिची प्रसरणक्षमता काही अभ्यासांत घटलेली नसून उलट वाढलेली दिसली. मोठ्या व लहान वाहिन्या एकाच नियमाने चालत नाहीत, आणि एकीवरून दुसरीचे अनुमान काढू नये, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आणखी एक गोष्ट. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंतराळ स्थानकावरील अकरा अंतराळवीरांपैकी सहा जणांच्या मानेतील शिरेत रक्त स्थिरावलेले अथवा उलट वाहताना आढळले आणि एकाच्या शिरेत गुठळी सापडली. ही मोठी शीर आहे, सूक्ष्म वाहिनी नव्हे. तरीही स्थिर रक्त व बिघडलेला अंतःस्तर एकत्र आले की गुठळी होते, हा व्हर्चोव्हने एकोणिसाव्या शतकात सांगितलेला नियम अंतराळातही सुटत नाही.

या सर्व प्रयोगांचे खरे मोल वैद्यकबंधूंच्या ध्यानात आले असेलच. रुग्णालयात निजलेल्या माणसाची अवस्था बिघडली की आपण दोष रोगाला देतो. येथे रोग नव्हताच. निवडून घेतलेली, तरुण, धडधाकट माणसे होती; बदलले होते ते केवळ निजणे.

माझ्या घरातली खाट

आता वैयक्तिक सांगतो. १९८६ साली देवासच्या आमच्या घरी माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. वय बहात्तर. मांडीच्या हाडाची मान मोडली होती. मी तेव्हा धारला व्यवसाय करीत होतो. निरोप मिळताच निघालो आणि इंदूरहून बस बदलून रात्री पोचलो. इंदूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने सांगितले, शस्त्रक्रिया करून घे आणि तिला लवकर बसती कर. मला तिच्या वयाची व हृदयाची धास्ती वाटली. घरात डॉक्टर मीच, त्यामुळे शब्द माझाच चालला. पायाला विटांचे वजन बांधून तिला खाटेवर निजवले आणि बहिणीला, वहिनीला बजावून सांगितले, “सहा आठवडे अजिबात हलवू नका.”

त्यांनी माझी आज्ञा तंतोतंत पाळली. आई रोज म्हणे, “मला जरा बसव रे. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते.” मी म्हणे, “आई, थोडे दिवस कळ काढ.” नवव्या-दहाव्या दिवशी कमरेखाली त्रिकास्थीवर लाली दिसली. ती दाबली तरी पांढरी पडत नव्हती. तेथे शय्याव्रण झाला. पुढे पोटरी सुजली. सातव्या आठवड्यात, वजन काढावयाच्या सुमारास, पहाटे तिला एकाएकी धाप लागली आणि काही मिनिटांत सर्व संपले.

मृत्यूच्या कारणात मी ‘वार्धक्य’ म्हटले, आणि बरीच वर्षे स्वतःलाही तेच सांगत राहिलो. वास्तविक मला आवश्यक ते सारे शिकवले गेले होते. लँडिस यांनी १९३० मध्येच नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीतील दाब धमनीकडील टोकाला सरासरी ३२ मिलिमीटर असल्याचे मोजले होते. हाडाच्या उंचवट्याखाली गादीचा दाब याहून सहज अधिक होतो. तो तासन्‌तास राहिला की त्या गल्ल्या मिटतात आणि त्वचा मरते. विल्यम डॉक यांनी १९४४ मध्ये व रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये निजून राहण्याच्या दुष्परिणामांवर स्पष्ट लिहिले होते. लेव्हिन व लाऊन यांनी १९५२ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांना खुर्चीत बसवून ते अधिक बरे राहतात हे दाखवले होते. १९६६ मध्ये डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे निजवले असता त्यांची श्रमक्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वयोमानाने जेवढे नुकसान केले होते, त्याहून तीन आठवड्यांच्या खाटेने केलेले अधिक ठरले. डॅलसचा पहिला प्रयोगही आईच्या पडण्याआधी वीस वर्षांचा.

शस्त्रक्रिया केली असती तर ती वाचली असतीच, असे मी म्हणत नाही. त्या वयात तो धोकाही मोठा होता. पण शस्त्रक्रियेचा धोका मी तोलला आणि खाटेचा तोललाच नाही. खाटेला धोका असतो हे माझ्या मनातच आले नव्हते. आणि तिची बसण्याची विनंती ही तिच्या शरीराची बरोबर मागणी होती, तो लाड नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा, अंतराळवीरांवरील शोधनिबंध वाचताना उमगले.

मग करावे काय?

वैद्यकबंधूंना माझी विनंती आहे की ‘विश्रांती’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिताना औषधाप्रमाणेच त्याची मात्रा व मुदत लिहावी. किती दिवस, दिवसातून किती तास, आणि त्यात काय करण्यास मुभा आहे. ‘पूर्ण विश्रांती’ एवढेच लिहिले की घरची मंडळी प्रेमापोटी ती आपण सांगितली त्याच्या दुप्पट करतात. जेथे हालचाल खरोखर धोक्याची आहे, उदाहरणार्थ अस्थिर मणक्याचा भंग अथवा रुग्णाची नाजूक अवस्था, तेथे ती टाळलीच पाहिजे. पण तशी कारणे आपण समजतो त्याहून थोडी आहेत. मांडीच्या हाडाच्या भंगात आज शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याच दिवशी बसवणे-उभे करणे हा सर्वमान्य मार्ग झाला आहे, आणि त्यासाठी आता इंदूरपर्यंत जाणेही प्रत्येक वेळी आवश्यक नसते.

घरच्या मंडळींसाठी चार साध्या गोष्टी सांगतो. डॉक्टरांची हरकत नसेल तर रुग्णाला जेवावयास खाटेवर न वाढता खुर्चीवर बसवावे. पाय खाली सोडून बसल्याने पायांतील धमनिकांना त्यांचे विसरलेले काम आठवते. बसता येत नसेल तर निजल्यानिजल्या पावले वर-खाली हलवावयास लावावीत. पोटरीचा स्नायू हलला की शिरांतील रक्त सरकते. कूस दर दोन तासांनी बदलावी आणि कमर, टाचा व खांदे रोज उजेडात पाहावेत. दाबूनही न ओसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. प्रथम उभे करताना घाई करू नये. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून काही मिनिटे बसू द्यावे, मगच आधार देऊन उभे करावे.

आणखी एक गोष्ट माझ्या अनुभवाची. आपल्या जुन्या मराठी घरांतून, धार-देवासच्या वाड्यांतून, झोपाळे असत. काही अजूनही आहेत. बरे होत असलेल्या वृद्धास त्यावर कोणी सोबत घेऊन बसवावे आणि पायाने हलका झोका घेऊ द्यावा. टाच टेकते, उचलते, पोटरी आवळते, सैल होते. तुलूझच्या प्रयोगातील यंत्रांनी जे साधले त्याचा अंश तरी यातून साधेल, असे मला वाटते. याचे मोजमाप मी केलेले नाही. मात्र झोपाळ्यावर बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरचा फरक मोजण्यास लेसर लागत नाही.

अंतराळवीर प्रशिक्षण घेऊन, स्वतःच्या इच्छेने भारहीन अवस्थेत जातो. त्याला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो आणि परतल्यावर तज्ज्ञांचा ताफा त्याला उभे करावयास हजर असतो. आपल्या घरातील वृद्ध मात्र आपण सांगितले म्हणून त्याच अवस्थेत जातात आणि त्यांना परत आणण्याची तयारी कोणीच केलेली नसते. ती तयारी खाटेवर निजवण्याच्या दिवसापासूनच करावी, एवढेच या लेखाचे सांगणे.

आता कोणी वृद्ध रुग्ण “मला जरा बसवा” म्हणाला की मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि त्याला बसवण्याजोगे काही कारण आड येते का ते आधी पाहतो. बहुधा येत नाही. मग आम्ही दोघे-तिघे मिळून त्याला उठवून बसवतो.